औषधाची खिडकी : झेडएलएनमधला ‘झेड’ खरंच विष होता का?

मागच्या अंकात एचआयव्हीच्या गोळ्यांवर सहज चार ओळी लिहिल्या तर पत्रांचा ढीग आला, आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकाच औषधाचं नाव, झिडोव्ह्युडिन, म्हणजे जुनं एझेडटी. म्हणून यावेळी खोकल्याची सिरपं न् शुगरच्या गोळ्या बाजूला ठेवल्यात. नेहमीचं परत एकदा सांगतो, मी डॉक्टर नाही, पस्तीस वर्षं काउंटरमागं उभा राहिलेला फार्मासिस्ट आहे, डोस ठरवायचा तो तुमच्या एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या, डॉक्टरनं. पत्रांतली नावं, गावांच्या खुणा मी काढून टाकल्यात. कुणी फोन करून विचारलं तरी सांगणार नाही, मागं एकदा विचारलंय लोकांनी म्हणून आधीच सांगतो.

काका नमस्कार, मी सातपूरला राहतो. आईला २०१० पासून एआरटी चालू आहे, आधी दहा-अकरा वर्षं झेडएलएन (तीन औषधांची एकत्र गोळी) होती सकाळ-संध्याकाळ, आता एकच गोळी असते. वडील २००८ ला गेले, त्यांनी औषध कधी घेतलंच नाही. परवा चुलतभावानं ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला की झेडएलएनमधला झेड म्हणजे एझेडटी, ते कॅन्सरचं फेकून दिलेलं विष होतं आणि अमेरिकेत एड्सनं नाही तर त्या औषधानंच माणसं मेली. त्याला आईचं माहीत नाही. आईनं तो मेसेज वाचला आणि दोन दिवस गोळीच घेतली नाही, म्हणते इतकी वर्षं मला काय खाऊ घातलंत. काय सांगू तिला?

आधी आईला आजची गोळी घ्यायला लाव, मग पुढचं वाच. दोन दिवसांच्या राहिल्या म्हणून दोन जास्तीच्या घ्यायच्या नाहीत, नेहमीच्या वेळेला नेहमीची एक. आणि पुढच्या खेपेला सेंटरवर काउन्सिलर मॅडमला खरं सांगायचं की दोन दिवस चुकले, त्या रागावणार नाहीत, त्यांनी यापेक्षा कितीतरी वाईट ऐकलेलं असतं.

आता मेसेज. असल्या मेसेजची गंमत अशी असते की त्यात चार गोष्टी खऱ्या असतात आणि पाचवी खोटी त्यांच्या खांद्यावर बसून येते. कॅन्सरचं औषध हे खरंय. १९६४ साली अमेरिकेत डेट्रॉइटला जेरोम हॉर्विट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं ते बनवलं, ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी. उंदरांवर करून बघितलं, काही उपयोग झाला नाही, मग लग्नातली मोठी पातेली जशी माळ्यावर जातात तसं ते गेलं माळ्यावर, त्यानं पेटंटसुद्धा घेतलं नाही. म्हणजे ‘विष म्हणून फेकलं’ हे खोटं, ‘कॅन्सरवर चाललं नाही म्हणून बाजूला ठेवलं’ हे खरं, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वीस वर्षांनी एड्स आला. त्यावेळी काय परिस्थिती होती ते आजच्या पोरांना सांगून पटत नाही, तरणीताठी माणसं वर्ष-दोन वर्षांत संपायची आणि डॉक्टरच्या हातात देण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं. १९८५ ला बरोज वेलकम कंपनीनं आपल्याकडच्या औषधांचे नमुने अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला पाठवले, तिथं सॅम्युएल ब्रोडर आणि हिरोआकी मित्सुया यांनी ते व्हायरसवर लावून बघितले, त्यात हे माळ्यावरचं औषध चाललं. मग ट्रायल झाली, २८२ पेशंट, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशीच कॅप्सूल. काही महिन्यांत काय झालं तर नुसत्या कॅप्सूलवाल्यांतले १९ गेले आणि औषधवाल्यांतला १. एकोणीस आणि एक! सप्टेंबर १९८६ ला ट्रायल मधेच थांबवली आणि सगळ्यांनाच औषध द्यायला घेतलं, कारण समोर हे आकडे दिसत असताना अर्ध्या लोकांना रिकामी कॅप्सूल देत राहणं कुणाच्या मनाला पटणार. १९ मार्च १९८७ ला मंजुरी मिळाली, एचआयव्हीवरचं जगातलं पहिलं औषध.

मग त्रास झाला की नाही? झाला की, भरपूर झाला, आणि मेसेजवाले तेवढंच उचलतात. त्या ट्रायलमधला डोस होता दर चार तासांनी २५० मिलिग्रॅम, दिवसाचे १५००. रात्री झोपेतून उठून घ्यायचं, लोक गजर वाजणाऱ्या डब्या जवळ बाळगायचे. एवढ्या डोसनं हाडातला मगज, जिथं आपलं रक्त तयार होतं, तोच दबायचा, ट्रायलमधल्या औषधवाल्यांत जवळपास पाचातल्या एकाला पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागलं. पुढं कळलं की एवढ्या डोसची गरजच नाही, १९९० पर्यंत तो निम्म्याच्याही खाली आणला. तुझ्या आईच्या झेडएलएनमध्ये एका गोळीत ३०० होतं, दिवसाचे ६००. तेव्हाच्या लोकांनी आईच्या अडीचपट खाल्लंय रे.

दुसरी गोष्ट डोसपेक्षा मोठी. ते औषध एकटं होतं. हा व्हायरस स्वतःची नक्कल काढताना सारखा चुकतो, आणि त्या चुकांतूनच कधीतरी अशी नक्कल निघते की जिच्यावर ते औषध चालत नाही, मग तीच वाढत जाते. म्हणून एकट्या एझेडटीवर माणूस सहा महिने-वर्षभर सुधारायचा, वजन वाढायचं, आणि परत घसरायचा. इंग्लंड-फ्रान्समध्ये कॉन्कॉर्ड नावाचा मोठा अभ्यास झाला, १९९३-९४ ला त्याचा निकाल आला की लक्षणं नसलेल्या माणसाला एकटं एझेडटी लवकर सुरू केलं तरी तीन वर्षांत जगण्या-मरण्यात फरक पडत नाही. लोकांचा विश्वास उडाला तो तिथं, आणि ‘औषधानंच मेले’ हे बोलणं तेव्हापासून जोरात फिरतंय, व्हॉट्सअॅप नव्हतं तेव्हाही फिरायचं. १९९६ च्या सुमाराला तीन औषधं एकत्र द्यायला लागले आणि सगळं चित्रच पालटलं, कारण व्हायरसला एकाच वेळी तिघांना चकवता येत नाही.

मी एकट्या एझेडटीचा काळ काउंटरवरून बघितलाय. १९९५-९६ असेल, नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या एका दुकानात होतो. निफाडकडचा एक माणूस यायचा, पांढरी टोपी, पायजमा, मुंबईच्या डॉक्टरची चिठ्ठी घडी करून करून चिंध्या झालेली. लासलगावला कांदा विकला की यायचा, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसेल तेव्हाच पुढं व्हायचा आणि चिठ्ठी काउंटरवर उलटी ठेवायचा, मी ती सरळ करून वाचायची, बोलायचं नाही काही. “दहा द्या.” कधी वीस. पोरासाठी न्यायचा असं नंतर कळलं. भाव पडला की दोन-दोन महिने येत नव्हता. एकटं औषध आणि तेही मधे मधे सोडून, म्हणजे व्हायरसला शिकवणीच लावल्यासारखं, हे आज कळतंय, तेव्हा मला कुठं माहीत होतं, मी आपला कॅप्सूल मोजून द्यायचो आणि बिल पाहिजे का विचारायचो. बिल त्यानं कधी घेतलं नाही. एका उन्हाळ्यापासून यायचाच बंद झाला.

त्यातही आपल्याकडं एझेडटी मिळत होतं याचं कारण आपल्या शास्त्रज्ञांनी ते इथं बनवलं होतं. हैदराबादच्या आयआयसीटी या सरकारी रसायन संशोधन संस्थेत ए. व्ही. रामा राव यांनी बनवायची पद्धत बसवली आणि सिप्लानं ते बाजारात आणलं, तेव्हाचा आपला कायदा औषधाच्या पेटंटपेक्षा बनवायच्या पद्धतीच्या पेटंटला मानायचा म्हणून ते जमलं. अमेरिकेत सुरुवातीला वर्षाला आठ-दहा हजार डॉलर पडायचे, १९८९ ला तिथल्या पेशंट लोकांनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात घुसून आंदोलन केलं तेव्हा कंपनीनं २० टक्के कमी केले. आणि २००१ ला सिप्लाच्या युसूफ हमीदांनी तीन औषधांचा कोर्स दिवसाला एका डॉलरच्या आत देतो म्हणून जगाला सांगितलं. आपल्याकडं सरकारी फुकट एआरटी १ एप्रिल २००४ पासून. आई २०१० ला तिथं गेली तेव्हा तिच्या हातात जी गोळी पडली ती एवढं सगळं होऊन पडली होती, झेड म्हणजे झिडोव्ह्युडिन, एल म्हणजे लॅमिव्ह्युडिन, एन म्हणजे नेविरॅपिन, तिघं एका गोळीत.

मग बदलली का? खराब होती म्हणून नाही, जास्त चांगली आली म्हणून. आताची टीएलडी म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डॉल्युटेग्राव्हिर, दिवसाला एकच, रक्त कमी व्हायची भानगड जवळजवळ नाही आणि व्हायरसला तिच्यातून वाट काढणं फार जड जातं. हिच्यात किडनीकडं लक्ष ठेवायचं, म्हणून क्रिएटिनिनची रक्ततपासणी करायला सांगतात, तेवढं टाळू नका.

आईला काय सांगायचं ते मी सांगू का, जरा कडू आहे. वडिलांनी गोळी घेतली नाही, ते २००८ ला गेले. आईनं घेतली, म्हणून ती आज मेसेज वाचायला आहे. आणि चुलतभावाला काही समजावत बसू नको, ग्रुप म्यूट कर.

सर, मी एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. शनिवारी रात्री सलाईन काढताना सुई बोटात गेली, पेशंट पॉझिटिव्ह होता. इनचार्जना सांगितलं तर म्हणाल्या सोमवारी साहेब आले की बघू, आणि कपाटातून झिडोव्ह्युडिन-लॅमिव्ह्युडिनचं जुनं पाकीट काढून दाखवलं की हे घे वाटलं तर. मी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्याच रात्री सिव्हिलला गेले आणि तिथं गोळ्या सुरू केल्या. मला कळायचंय की मी बरोबर केलं का आणि ते जुनं पाकीट चाललं असतं का?

एकदम बरोबर केलंत, आणि त्या मैत्रिणीला माझ्यातर्फे मिसळ द्या. ‘सोमवारी बघू’ हे वाक्य या बाबतीत गुन्हाच समजा, कारण इथं घड्याळ चालतं. पहिला डोस जमेल तितक्या लवकर, दोन तासांत मिळाला तर उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. शनिवार रात्र ते सोमवार सकाळ-दुपार, निम्मा वेळ साहेबांची वाट बघण्यातच गेला असता. कोर्स २८ दिवसांचा, मळमळलं तरी सोडायचा नाही, त्यावरची गोळी मागून घ्या.

जुन्या पाकिटाचं म्हणाल तर ते कधीकाळी बरोबर होतं. किंबहुना सुई टोचल्यावर औषध घेऊन एचआयव्ही टाळता येतो हे पहिल्यांदा दिसलं तेच या झिडोव्ह्युडिनमुळं, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं १९९७ ला सुई टोचलेल्या दवाखान्यातल्या लोकांचा अभ्यास छापला त्यात ज्यांनी ते घेतलं त्यांच्यात लागण व्हायची शक्यता सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. त्यामुळं अगदीच काही नसतं तर नसल्यापेक्षा बरं. पण आता त्यासाठीही तीन औषधांचीच गोळी देतात आणि ती सिव्हिलला मिळते, मग कपाटातलं, तारीख गेलेलं की राहिलेलं, माहीत नसलेलं पाकीट कशाला.

जीवाला लावून घेऊ नका. पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली आणि काहीच केलं नाही तरी हजारात तीनच्या आसपास लोकांना लागण होते, तुम्ही तर वेळेत गोळी घेतलीय, आणि तो पेशंट एआरटीवर असेल आणि व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) दबलेला असेल तर धोका आणखीच कमी. टेस्ट आता एक झाली असेलच, पुढं सहा आठवडे, तीन महिने, ते सांगतील त्या तारखांना करा, आणि तोपर्यंत घरी निरोध वापरा, रक्तदान नको. पुढच्या वेळेसाठी (न येवो) : साबण-पाण्यानं धुवायचं, बोट पिळायचं नाही, स्पिरिट-ब्लीच ओतायचं नाही, तोंडात तर अजिबात घालायचं नाही. सवयीनं घालतात हो लोक!

आणि इनचार्ज मॅडमना दाखवायला एक गोष्ट, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यात दवाखान्यांवर जबाबदारी टाकलीय की कामावर असा धोका झालेल्या माणसाला हे औषध मिळालं पाहिजे. उपकार नाही तो.

सुनबाईला पाचवा महिना आहे, तपासणीत पॉझिटिव्ह निघाली. गोळ्या चालू केल्यात. बाळाला होईल का? अंगावर पाजायचं का नाही? शेजारची म्हणते मूल झाल्या झाल्या वरचं दूध लावा. बाळाला पण औषध देतात म्हणे ते खरं का? — एक आजी, दिंडोरी तालुका

आजी, पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही ‘सुनेला काय झालं’ हे न विचारता बाळाचं काय करायचं ते विचारलंत. एकच टोचून विचारतो, मुलाची टेस्ट झाली का? पत्रात त्याचं नावच नाही. बायकांची तपासणी पोट आलं की होते म्हणून घरात पहिलं नाव त्यांचं निघतं, आणि मग ‘हिनंच आणलं’ सुरू होतं. त्याला उद्याच पाठवा.

बाळाचं. औषध काहीच नसेल तर आईकडून बाळाला जाण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के धरतात. आईनं गोळ्या नीट घेतल्या आणि व्हायरल लोड दबला तर ती शेकड्यात एक-दोनवर येते. पाचव्या महिन्यात सुरू झालंय म्हणजे वेळ आहे हाताशी, एकही गोळी चुकू देऊ नका, आणि बाळंतपण दवाखान्यातच.

हा रस्ता पहिल्यांदा दाखवला तोही या जुन्या झिडोव्ह्युडिननंच. १९९४ ला अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासाचा निकाल आला, गरोदर बायकांना ते दिलं, कळा सुरू झाल्यावर सलाईनमधून दिलं आणि बाळाला सहा आठवडे सिरप दिलं, तर लागण झालेली बाळं शंभरात २५ वरून ८ वर आली. एकट्या औषधानं मोठ्या माणसाचं काही फार भलं केलं नाही हे वर लिहिलंच, पण इथं थोड्या दिवसांचंच काम होतं, आणि त्या थोड्या दिवसांत त्यानं ते चोख केलं.

आपल्याकडं जन्मल्यावर बाळाला सिरप देतात, बहुतेक वेळा नेविरॅपिन, सहा आठवडे. आईनं औषध फार उशिरा सुरू केलं किंवा व्हायरल लोड दबलेला नसेल तर त्याच्या जोडीला झिडोव्ह्युडिनचं सिरप आणि जास्त दिवस. मिलीचा हिशेब बाळाच्या वजनावर असतो, बाटलीबरोबरची सिरिंज वापरायची, घरातला चमचा नाही, चमचे काय, प्रत्येक घरात वेगळे.

दुधाचं शेजारणीचं ऐकू नका. सरकारी सल्ला असा आहे की आई गोळ्या घेत असेल तर पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी नाही, गुटी नाही, मध नाही. सगळ्यात वाईट काय तर दोन्ही एकत्र, थोडं अंगावरचं थोडं वरचं, त्यानं बाळाच्या आतड्याला इजा होते आणि धोका वाढतो. गुटीचं सांगितलं म्हणून रागावू नका, मला माहितीये सहाण काढून ठेवली असणार तुम्ही. सहा आठवड्यांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टेस्ट करतात, ती आणि पुढच्या दीड वर्षापर्यंतच्या सगळ्या करून घ्या. काही अडलं तर १०९७ हा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलतात.

सर मी बी. फार्म थर्ड इयर, पंचवटी. आमच्या क्लासमध्ये एक जण म्हणाला एझेडटी माशापासून बनवलं होतं, खरं का? आणि व्हायव्हाला मेकॅनिझम विचारतात तो सोप्या भाषेत सांगा ना.

मित्र बरोबर म्हणाला. सुरुवातीला त्यासाठी लागणारं थायमिडिन हेरिंग माशाच्या शुक्राणूंतून काढायचे, नंतर कारखान्यात बनवायला लागले. आता नाही काढत, शाकाहारी पेशंटनी घाबरू नये.

मेकॅनिझम असा. एचआयव्ही आपल्या पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएवरून डीएनएची माळ ओवतो, ओवणारा एन्झाइम म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. माळेतला एक मणी थायमिडिन. झिडोव्ह्युडिन म्हणजे तोच मणी, फक्त ३-प्राइम जागेवर हायड्रॉक्सिलऐवजी अॅझाइडो ग्रुप, म्हणजे असा मणी की ज्याला एका बाजूनंच भोक आहे. पेशी त्याला तीन फॉस्फेट लावून देते, एन्झाइम फसून तो ओवतो आणि पुढचा मणी काही जाईना, माळ तिथंच संपली. चेन टर्मिनेशन. आपल्या पेशींचा डीएनए ओवणारा एन्झाइम इतका सहज फसत नाही, पण मायटोकॉन्ड्रियातला थोडा फसतो, स्नायू दुखणं आणि लॅक्टिक अॅसिडोसिस तिथून येतं. हे शेवटचं वाक्य व्हायव्हाला टाक, एक्स्टर्नल खूश होतील.

हॉर्विट्झला या औषधातून पैसा मिळाला नाही. २०१२ ला वारले.

मी द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कामाला जाते. आधीच्या गोळ्या चालेनाशा झाल्या म्हणून चार महिन्यांपूर्वी बदलून दिल्या त्यात झिडोव्ह्युडिन आहे. माझी नखं काळी पडायला लागली, अंगठ्यावर उभे पट्टे आहेत. बायका विचारतात काय झालं. कामावर नेलपॉलिश चालत नाही. जिना चढताना धाप पण लागते आता.

ताई, नखांचं मला काही वाटत नाही, धापेचं वाटतं. तुम्ही ते शेवटी लिहिलंत, मी आधी घेतो. या औषधानं हिमोग्लोबिन उतरू शकतं, बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच, म्हणून तर सुरू करताना ते ९ च्या वर आहे का बघतात आणि नंतर परत परत तपासतात. तुमची मधली तपासणी सीझनच्या घाईत राहून गेली असणार, पुढच्या तारखेची वाट न बघता उद्याच सेंटरला जा, सेंटरनं दिलेलं हिरवं पुस्तक बरोबर न्या, धाप लागते हे शब्द वापरा, सीबीसी म्हणजे रक्ताची तपासणी करतील. उतरलं असेल तर ते गोळी बदलतील. स्वतः बंद करू नका, आणि नुसत्या बीट-खजुरावर काढू नका, इथं लोह कमी पडलेलं नाही, रक्त बनायचं काम मंदावलेलं असतं.

नखांचं निरुपद्रवी आहे, औषधानं नखात रंग साठतो, दुखत नाही, औषध बदललं की हळूहळू नवीन नखाबरोबर निघून जातो, त्याला काही महिने लागतात. कामावर ग्लोव्ह्ज असतातच, प्रश्न डबा खातानाचा. कुणी विचारलं तर “गोळ्यांनी होतं, डॉक्टरला माहितीये” एवढंच म्हणा आणि भाजी काय आणली ते विचारा.